सारखा फ्यूज उडणारी जुनी बाईक: वायरिंगपासून चेसिसच्या तड्यापर्यंत

पार्श्वभूमी

गाडी पंचवीस वर्षांच्या पुढची, सिंगल सिलेंडर, एअर कूल्ड, कार्बोरेटरवाली, किक आणि सेल्फ दोन्ही असलेली. आत्ताचा मालक तिसरा. तो माझा जुना मित्र, नावगाव लिहीत नाही, इथे त्याला गाडीवालाच म्हणतो. हाताने काम करायची खाज दोघांनाही आहे, पण मेकॅनिक दोघांपैकी कुणीच नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे जे घोळ वाचाल त्याचं नवल वाटणार नाही.

आधीच्या मालकांनी गाडी वापरली चांगली, पण प्रत्येकाने आपली एकेक खूण ठेवलेली. मागे जड कॅरिअर होता, त्यावरून बरंच सामान वाहिलेलं. हेडलाईटला मूळच्या ३५ वॉटच्या बल्बऐवजी ५५/६० वॉटचा हॅलोजन, तोही मूळच्याच स्विचमधून, म्हणजे जिथून तीनेक अँपिअर जायचे तिथून पाच जायला लागले आणि कपलर (वायरी एकमेकांना जोडणारा प्लास्टिकचा जोड) भाजून तपकिरी पडलेला. काळी टेप तर एवढी गुंडाळलेली की हँडलपाशी वायरिंग मनगटाएवढं जाड झालेलं. आणि कधीतरी इंजिन उतरवून परत बसवलेलं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं होतं, पण ते कळायला आम्हाला दीड महिना लागला.

अडचण

मेन फ्यूज उडायचा. १५ अँपिअरचा. सुरुवातीला महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग अगदी रोज नाही तरी खिशात फ्यूजचं पाकीट ठेवावं लागेल इतपत. या गाडीचं इग्निशन बॅटरीवर चालणारं, त्यामुळे फ्यूज गेला की फक्त लाईट जात नाही, चालत्या गाडीचा जीवच जातो. एकदा चढावर, एकदा वळणावर. वळणावरच्या त्या प्रसंगानंतर गाडीवाला म्हणाला, "अरे, आता ही एक तर दुरुस्त करायची नाहीतर भंगारात द्यायची."

मी विचारलं, कधी उडतो? तर उत्तर नेहमीचंच, "कधीही." पण जरा खोदून विचारल्यावर दोन गोष्टी निघाल्या. एक, उभ्या गाडीत कधीच उडाला नव्हता. दोन, खड्ड्यात आपटल्यावर किंवा चढावर पूर्ण एक्सलरेटर पिळल्यावर उडायचा. ही माहिती पहिल्याच दिवशी आमच्या हातात होती, लिहूनही ठेवली होती, आणि तरी आम्ही तिच्याकडे बघितलं नाही.

मधल्या काळात गाडीवाल्याने मला न सांगता २० अँपिअरचा फ्यूज लावला होता. आठवडाभर तो टिकला, म्हणून स्वारी खुश. मग एका संध्याकाळी सीटखालून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, बल्ब वाचवायला नव्हे, आणि वायर जेवढी जाड तेवढाच फ्यूज चालतो, हे त्याला माहीत होतं, पण रोज रस्त्यात थांबून वैतागलेला माणूस काहीही करतो. चांदीचा कागद गुंडाळला नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी परत १५ चा बसवला.

पहिला शोध आणि चुकीचा आनंद

आधी बॅटरी आणि चार्जिंग बघून घेतलं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन चार हजार आरपीएमच्या आसपास असताना १४.१. दोन्ही ठणठणीत. चावी बंद असताना निगेटिव्ह केबल काढून मीटर सिरीजमध्ये लावला तर करंट जवळजवळ शून्य. म्हणजे उभ्या गाडीत काहीच गळत नाही.

समोर तीन रस्ते होते. अख्खं वायरिंग नवीन टाकणं, एखाद्या इलेक्ट्रिशियनकडे देणं, किंवा स्वतः शोधणं. नवीन वायरिंगचा मोह फार होता, टेपच्या त्या गुंडाळीकडे बघून कुणालाही होईल, पण या मॉडेलचं तयार वायरिंग सहज मिळत नव्हतं आणि जे मिळत होतं त्याचे कपलर जुळत नव्हते. आता मागे वळून बघताना वाटतं, नवीन टाकलं असतं तर तेही त्याच क्लिपखालून (तिची गोष्ट पुढे येतेच) गेलं असतं आणि तिथेच कापलं गेलं असतं. पण तेव्हा आम्ही ते टाळलं ते काही शहाणपणाने नाही, कंटाळ्याने.

शॉर्ट, म्हणजे उघडी पडलेली वायर चेसिसला टेकून करंट सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला जाणं. तो शोधायची एक जुनी युक्ती आहे, ती वापरली. फ्यूज काढायचा आणि त्याच्या दोन टोकांना इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावायचा. हेडलाईट, हॉर्न, इंडिकेटर सगळं बंद ठेवून चावी ऑन करायची. सगळं ठीक असेल तर बल्ब विझलेला किंवा अगदी मंद राहतो. कुठे शॉर्ट झाला की भक्कन पेटतो, आणि फ्यूज जळत बसत नाहीत कारण बल्बच करंट पावणेदोन अँपिअरवर अडवून धरतो. मग एकाने बल्बकडे बघायचं आणि दुसऱ्याने वायरिंग वीतभर वीतभर हलवत जायचं.

आम्ही हँडलपासून सुरुवात केली. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की न्यूट्रलचा दिवा जायचा. सापडलं! टेप सोडवली, तर कोन सेटपाशी (हँडल ज्या बेअरिंगवर वळतं तिथे), जिथे वायरिंग हँडलबरोबर सतत वाकतं तिथे, एका वायरच्या आतल्या तांब्याच्या तारा तुटलेल्या. वरून प्लास्टिक अखंड, आत तीन-चार केसांवर लटकलेली. ती कापली, नवा तुकडा घातला, डाग दिला (सोल्डर केलं), टेप मारली. गाडीवाल्याने लगेच फेरी मारली. दोघांनी टाळी दिली.

इथेच आमचं पहिलं मोठं चुकलं. तुटलेली वायर म्हणजे करंट थांबतो. फ्यूज उडायला करंट वाढावा लागतो. दोन्ही अगदी उलट गोष्टी. आम्हाला जे सापडलं तो दोष खरा होता, पण तो आमच्या तक्रारीचा दोष नव्हता. "सापडलं" म्हणायच्या आधी एकदा स्वतःला विचारायला हवं होतं की याने फ्यूज उडेल का? नाही विचारलं. आणि बाकीचं वायरिंग मग वरवर हलवून बघितलं, बल्ब पेटला नाही, तपासणी संपली.

नवव्या दिवशी फ्यूज उडाला.

तडा

दुसऱ्या बैठकीत मात्र ती पहिल्या दिवसाची चिठ्ठी समोर ठेवली. खड्डा आणि पूर्ण एक्सलरेटर. दोन्ही वेळा काय होतं? इंजिन हलतं. आम्ही तपासत होतो तेव्हा वायरिंग हलवत होतो, इंजिन तर निवांत बसलेलं.

मग गाडी डबल स्टँडवर, फ्यूजच्या जागी परत तो बल्ब, आणि गाडीवाल्याने हातोड्याचा लाकडी दांडा इंजिन आणि चेसिसच्या मध्ये घालून हलकंच रेटलं. बल्ब पेटला. सोडलं, विझला. रेटलं, पेटला. आमच्या तोंडून शब्द फुटेना.

टाकी, सीट, बॅटरी बॉक्स सगळं उतरवलं. इंजिनच्या वरच्या बाजूचा मागचा फाउंडेशन, म्हणजे इंजिन चेसिसला बोल्टने जिथे धरलेलं असतं, तिथे चेसिसच्या पाइपला एक प्लेट वेल्ड केलेली असते. तिच्याच खालून वायरिंगची एक क्लिप गेलेली. प्लेटच्या वेल्डिंगच्या कडेने रंगात एक बारीक रेष, केसाएवढी, आणि रेषेतून खाली गंजाचा लालसर ओघळ. धूळ आणि ऑइलच्या थरात ती रेष दिसतच नव्हती, डिझेलने धुतल्यावर वर आली. इंजिन रेटलं की ती रेष अर्धा-पाऊण मिलिमीटर उघडायची आणि बंद व्हायची, आणि उघडताना प्लेटची कड क्लिपमधल्या वायरवर दाबली जायची. वायर काढून उलटी करून बघितली तेव्हा खालच्या बाजूला ब्लेडने मारल्यासारखी आडवी चीर आणि आत चकाकणारं तांबं. फ्यूजच्या पुढची मेन वायर.

आणि फाउंडेशन बोल्ट बाहेर काढला तेव्हा सगळी गोष्ट उलगडली. भोक १० एमएमचं, बोल्ट ८ चा. पूर्वी कुणीतरी इंजिन चढवताना मूळ बोल्ट हरवला असणार आणि हाताला आला तो ठोकून दिला असणार. वॉशर लावून आवळलेला, म्हणून वरून बघायला घट्ट. पण भोकात सगळीकडून मिलिमीटरभर जागा, त्यामुळे आवळणी जरा सैलावली की प्रत्येक धक्क्याला इंजिन त्या जागेत हलणार आणि प्लेटला हातोड्यासारखे टोले बसणार. तसे हजारो टोले बसल्यावर लोखंड थकतं. कॅरिअरचं वजन होतंच वर.

पर्याय

पहिला प्रश्न, तडा कुठपर्यंत आहे. नुसती प्लेट फाटली असेल तर एक गोष्ट, पाइपात शिरला असेल तर वेगळी. त्यासाठी डाय पेनिट्रंटचा किट आणला. तीन डबे असतात, क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. रंग खरवडून लोखंड उघडं करायचं, स्वच्छ पुसायचं, लाल रंग मारून पंधरा मिनिटं थांबायचं, मग कपड्याने पुसून काढायचं (क्लीनर थेट फवारायचा नाही, तड्यातला रंगही धुतला जातो) आणि वरून पांढरा मारायचा. दोन मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेष उमटली. प्लेटच्या कडेने १४ एमएम, आणि तिथून वळून पाइपात आणखी ६. डोळ्याला दिसत होता त्यापेक्षा हे शेवटचे ६ जास्तीचे होते.

म्हणजे आता नुसती ब्रॅकेट राहिली नाही, चेसिस झाली.

चेसिस बदलायचा विचार एकदा झाला. पण चेसिस नंबर तिच्यावर, म्हणजे गाडीची ओळखच बदलणार, कागदपत्रांचं लचांड, आणि तडा एकाच जागी होता, बाकी पाइप सरळ आणि निरोगी. सोडून दिलं.

मग राहिलं वेल्डिंग, आणि इथे आमचं भांडण झालं. गाडीवाल्याकडे स्वतःचं छोटं आर्क वेल्डिंग मशीन आहे, त्यावर त्याने एक गेट आणि दोन स्टूल केलेत. त्याचं म्हणणं, "२० एमएमचं तर काम आहे, एक रॉड लागणार नाही." माझं म्हणणं, गेट तुटलं तर गेट तुटतं, हे तुटलं तर तू वर बसलेला असशील. शेवटी ठरलं असं की आधी तेवढ्याच जाडीच्या, दोनेक एमएमच्या भंगार पाइपवर तशीच प्लेट लावून बघायची आणि व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडायची. पहिल्या पाइपला भोक पडलं. दुसऱ्याला करंट कमी केला, टाका वरून सुरेख दिसत होता, खवल्याखवल्यांचा, आणि तिसऱ्या ठोक्याला प्लेट अख्खी सुटून आली, खाली पाइपवर लोखंड वितळल्याची खूणच नाही. नुसतं वर चिकटलेलं. गाडीवाल्याने तो तुकडा बराच वेळ हातात फिरवला आणि म्हणाला, "ठीक आहे. वेल्डरकाकांना फोन लाव."

त्याच्याशी वाद घालून मला जे जमलं नसतं ते त्या तुकड्याने केलं.

काय काय केलं

वाटणी अशी झाली की तयारी सगळी आम्ही करायची आणि टाका फक्त काकांनी मारायचा, टिगने (टंगस्टनच्या टोकाने, आर्गन वायूच्या झोतात करायचं बारीक वेल्डिंग).

इंजिन उतरवलं. वायरिंग पूर्ण बाहेर, प्रत्येक कपलरला मास्किंग टेपची चिठ्ठी लावून आणि फोटो काढून. वायरच्या रंगांवर भरवसा ठेवू नका, आमच्या गाडीत आधीच्या कुणीतरी लाल वायरला हिरवी जोडली होती आणि हिरवी तर या गाडीत अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी. काकांचा पहिला प्रश्न होताच, "टाकी काढली का? बॅटरी? सीडीआय?" म्हटलं, काका, गाडीवर आता नुसतं लोखंड आहे. हे बरं पडलं, कारण वायरिंग जागेवर असताना वेल्डिंग केलं तर सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट) आणि आरआर युनिट (चार्जिंगचा रेग्युलेटर-रेक्टिफायर) उडायची भीती असते, आणि अर्थचा चिमटा लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याच्या गोळ्यांना खड्डे पाडतो. चिमटा टाक्याच्या शेजारीच लावायचा.

तड्याच्या टोकाच्या जरा पुढे ३ एमएमचं भोक पाडलं. तडा पुढे सरकतो तो त्याच्या अणकुचीदार टोकामुळे, तिथे गोल भोक आलं की जोर पसरतो आणि तडा थांबतो. मग ग्राइंडरने तड्याची व्ही आकाराची खाच केली, म्हणजे टाका तळापर्यंत जाईल. साफ करायला मी ब्रेक क्लीनरचा डबा उचलला होता, काकांनी हातातून काढून घेतला. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनचं द्रावण असतं, आणि ते वेल्डिंगच्या उष्णतेत आणि झोतात सापडलं की फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. अॅसिटोनने पुसलं, आणि ते उडून जाईपर्यंत थांबलो.

वेल्डिंग गार होताना आवळतं आणि भोकं जागची हलतात, मग इंजिन बसत नाही. म्हणून दोन्ही प्लेटांच्या भोकांतून १० एमएमचा स्टड घातला आणि मध्ये इंजिनच्या रुंदीएवढा मोजून कापलेला पाइपचा तुकडा अडकवून नटांनी आवळून ठेवला. ही कल्पना गाडीवाल्याची, आणि ती अफलातून निघाली, नंतर नवा बोल्ट हाताने आत गेला.

जोड म्हणून वरून पट्टी लावायची होती. मी चौकोनी कापून नेलेली. काकांनी ती बघितली आणि बाजूला ठेवली. पट्टीची कड पाइपला आडवी आली की सगळा जोर त्या एका रेषेत येतो आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. त्यांनी लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, माशासारखी पट्टी कापली आणि टोकांना टाका न मारता फक्त बाजूंनी मारला. फार जाडही नको म्हणाले. टाका मारून झाल्यावर पाणी ओतायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं.

वायरिंगच्या कामात फार सांगण्यासारखं नाही. कापलेली वायर बदलली, जोड क्रिंपने (दाबून बसवायच्या धातूच्या नळीने) केला आणि वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). कोन सेटपाशी आम्ही पहिल्यांदा दिलेला डाग मात्र उपटून काढला, कारण डाग दिला की तारा कडक होतात आणि जिथे वायर सतत वाकते तिथे त्या डागाच्या कडेलाच परत तुटतात. तिथे जोडच ठेवला नाही, लांब सलग वायर टाकली. हेडलाईटला रिले बसवला, म्हणजे जड करंट स्विचऐवजी रिलेतून जातो, त्याला वेगळा फ्यूज. वायरिंग प्लेटपासून दूर, पाइपच्या दुसऱ्या बाजूने नेलं.

जोडणी झाली आणि

प्रायमर, मग दोन हात काळा रंग. इतका छान झाला की बघतच राहावं. इंजिन चढवलं, नवा १० चा बोल्ट, टॉर्क पान्याने आवळला, बॅटरी जोडली, सेल्फ दाबला. टक्. परत दाबला. टक्. चौथ्या-पाचव्या वेळी गाडीवाला म्हणाला, "अरे, क्लचची केबल गरम लागतेय."

केबल गरम? मग डोक्यात प्रकाश पडला. या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह चेसिसला जाते, आणि इंजिनला अर्थ मिळतो तो फाउंडेशनच्या प्लेटांमधून. त्या प्लेटा आम्ही आतून-बाहेरून रंगवल्या होत्या. सेल्फचा करंट बिचारा वाट शोधत क्लचच्या केबलमधून परत येत होता. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि सेल्फ दाबून वाचलं तर २.८ व्होल्ट. इथे पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायलाच नको.

बोल्ट काढून प्लेटांच्या टेकणाऱ्या जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासल्या आणि चेसिसच्या अर्थच्या जागी काटेरी वॉशर घातला. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनपर्यंत एक जाड केबल टाकली, आणि सगळं आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. परत मोजलं, ०.१. पहिल्या सेल्फला गाडी चालू.

निकाल

या गोष्टीला चौदा महिने झाले. १५ चा तोच फ्यूज अजून आहे. हजार किलोमीटरला तो भाग उघडून परत लाल-पांढरा रंग मारून बघितला, काही उमटलं नाही. फाउंडेशन बोल्ट दर महिन्याला तपासतो, आणि जड कॅरिअर काढून टाकला, त्यावर गाडीवाला अजून कुरकुरतो.

वेगळं काय केलं असतं

तक्रारीची वेळ आणि कारण आधी नीट लावलं असतं. हलल्यावर होणारी इलेक्ट्रिकल तक्रार असेल तर काय हलतंय ते पहिल्यांदा बघायचं, मीटर नंतर. आमचे जवळजवळ पाच आठवडे त्यात गेले. रंगाच्या आधी अर्थच्या जागांवर मास्किंग टेप मारायला दोन मिनिटं लागली असती.

आणि एक चूक अशी आहे की जी आता सुधारताच येत नाही. वेल्डिंगच्या आधी आम्ही चाकांची रेघ मोजली नाही. नंतर दोरा ताणून बघितलं तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेपासून ३ एमएम डावीकडे आहे. गाडी सरळ चालते, टायर एकसारखा झिजतोय, पण हे ३ एमएम आधीपासून होते की वेल्डिंगने आले हे कळायला मार्ग नाही. गाडीवाला म्हणतो आधीपासूनच असणार, काका म्हणतात टाक्याने एवढं ओढत नाही, आणि मला चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) बुशचा संशय आहे. पुढच्या वेळी मागचं चाक उतरलं की ते बघणार आहोत.